एका ताऱ्याचा अभिप्राय

मंगळवार, ४ मार्च

काल ईस्टरआधीच्या उपवासांचा पहिला सोमवार, दिवसभर उडवलेल्या पतंगांचा शीण उतरला नाही तोच कालुदिसांच्या ऑफिसातून फोन! त्या वकिलांचं इंटरनेटवरचं सगळं मी बघते, दोन महिने झाले. आज कुणा मेरोपीने त्यांच्या पानावर पाचपैकी एकच तारा दिलाय — "अपिलाची मुदत चुकवली. माझं शिलाईचं दुकान गेलं. 'चुकलं' म्हणायलाही कुणी आलं नाही."

इफिगेनिया, म्हाताऱ्या कालुदिसांची वकील मुलगी, तडकलीच. "काढून टाक ते!"

मला काढता येत नाही म्हटलं.

"मग वर दहा चांगले चिकटव!"

खोटे? नाही लिहिणार. फोन आपटला तिने.

बुधवार, ५ मार्च

स्वतः म्हाताऱ्यांनी बोलावलं. बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात भिंग लावून दोनदा वाचलं. "खरंय," म्हणाले. "वकीलपत्र माझं होतं." भिंग खिशात घातलं. मग — "इथे उत्तर कसं लिहितात, पोरी?"

गुरुवार, ६ मार्च

माझ्या मसुद्यातले 'दुर्दैवाने' आणि 'गैरसोय' दोन्ही खोडले त्यांनी. "गैरसोय? बाईचं दुकान गेलंय!"

आधी तिला विचारायचं, असा हट्ट. दोघं तिच्या घरी गेलो. मेरोपीबाईंनी दारातच उभं ठेवलं. "चार वर्षांनी वाट सापडली का, वकीलसाहेब?"

"सापडली. उशिरा."

त्यांनी टोपी काढून माफी मागितली. आत या म्हटलं नाही बाईंनी. पण आम्ही वळल्यावर मागून म्हणाल्या — "लिहा. सगळ्यांना दिसेल असं लिहा."

शुक्रवार, ७ मार्च

टाकलं. त्यांचेच शब्द: "मुदत माझ्या हातून चुकली, मेरोपीबाई. तेव्हाच यायला हवं होतं, आलो नाही. माफ करा. — प्रोड्रोमोस कालुदिस."

'टाक' म्हणण्याआधी भिंग लावून पुन्हा एकदा वाचलं त्यांनी. मीही.

शनिवार, ८ मार्च

इफिगेनियाचा ना फोन, ना निरोप. काम गेलं बहुतेक. आईकडे उपवासाचं घेवड्याचं सूप — चव लागली नाही.

सोमवार, १० मार्च

सकाळी दार उघडलं तर इफिगेनिया! डोळे सुजलेले.

"अपिलाची मुदत संपली त्या आठवड्यात बाबा हॉस्पिटलात होते. तारीख मी विसरले. त्यांना पहिल्यापासून माहितेय." मोबाइलवर ते माफीचं उत्तर उघडून पुढे धरलं. "त्यांचं नाव काढ. माझं लिही."