खिळा माझा, भांडण त्यांचं

२ फेब्रुवारी, सकाळ
घर मिळालं! डोंगराच्या पायथ्याचं जुनं गाव, वरच्या मजल्यावर दोन खोल्या, दारावर ‘संरक्षित वास्तू’ अशी पाटी. घरमालकीण खाली राहतात. सगळं गाव त्यांना थोरल्या मावशी म्हणतं. घराची मधोमध वाटणी झालीय. मधल्या पातळ भिंतीपलीकडे त्यांची सख्खी बहीण, धाकट्या मावशी. अट एकच: भिंतीला खिळा ठोकायचा नाही. मी म्हटलं, मावशी, मी त्यातला नव्हेच. रोज पहाटे टेकडी चढणार. साखर बंद.

५ फेब्रुवारी
टेकडीवरच्या पायवाटांचा नकाशा आणला, फ्रेमसकट. समोर नकाशा नसेल तर माणूस चढणार कसा? जमिनीवर ठेवला तर वाकून बघावं लागतं, आणि माझी कंबर ही अशी. एकच खिळा, मधल्या भिंतीला. धाकट्या मावशींकडे वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात फरशीचं काम चालू आहे, दिवसभर ठोकाठोक. त्यात माझे दोन ठोके कुणाला कळणार? खिळा लांबलचक घेतला. काम करायचं तर पक्कं.

संध्याकाळ
दोनावर भागलं नाही, पण बसला. प्लॅस्टरला किंचित भेग. हेअरलाइन. जुन्या घराला शोभून दिसते.

८ फेब्रुवारी
भेग नकाशाच्या फ्रेममागे मावेना. कपाट पुढे सरकवलं. नकाशा आता कपाटामागे. टेकडी सोमवारपासून.

१० फेब्रुवारी, सोमवार
भेग खाली उतरली. थेट थोरल्या मावशींच्या पलंगाच्या उशाशी. मला मुद्दाम बोलावून दाखवली. चोराच्या मनात चांदणं. मी उगाच चष्मा पुसत बसलो. त्या म्हणाल्या, ही सगळी धाकटीच्या फरशीची कृपा. कितीदा सांगितलं, घर म्हातारं झालंय, त्याला हातोडे सोसत नाहीत. सुंठीवाचून खोकला गेला, असं माझ्या मनात आलं आणि लगेच लाज वाटली. मी खोटं बोललो नाही, हे इथे नोंदवून ठेवतो. ‘असेल’ एवढंच म्हणालो.
कदाचित ‘असणारच’ म्हणालो.

११ फेब्रुवारी
दोघी बहिणी रोज दुपारी अंगणात एकत्र चहा पितात. आज थोरल्या मावशी धाकटीला म्हणाल्या, आईचं घर पाडूनच थांबणार आहेस का. खिडकीतून सगळं ऐकू आलं. धाकट्या मावशी उठल्या. कप उचलून आत गेल्या. अर्धा भरलेला होता.
रविवारी सांगून टाकणार. रविवारी सगळे जरा निवांत असतात.

१६ फेब्रुवारी, रविवार
सांगायला गेलो होतो. पण थोरल्या मावशींनी चहा पुढे केला आणि बस म्हणाल्या. खुर्ची धाकट्या मावशींची. तोंडात बिस्किट असताना कबुली देणं शोभत नाही. शिवाय बिचाऱ्या एकट्या. त्यांना सोबत हवी. बसलो ते निव्वळ माणुसकी म्हणून.

२४ फेब्रुवारी
चहा आता रोजचाच. फार अपराधी वाटतं. म्हणून दुसरा कप घेत नाही. आज घेतला, पण आग्रह झाला. धाकट्या मावशींचं दार चहाच्या वेळेला हल्ली बंद असतं.

३ मार्च
थोरल्या मावशी मुलाकडे शहरात जायचं म्हणतात. कायमच्या. पंधरा तारखेला टेम्पो येणार. म्हणाल्या, जिच्यासाठी इथे राहिले तिनेच असं केलं, आता या अंगणात बसवत नाही. मी चहा तसाच ठेवून वर आलो. झोपही येईना. एका खिळ्यापायी मी दोन म्हाताऱ्या बहिणी तोडल्या. सांगायलाच हवं.

४ मार्च
आधी धाकट्या मावशींना सांगायचं ठरवलं. रंगीत तालीम. स्वयंपाकघरात गेलो, घसा खाकरला, म्हटलं, मावशी, एक गोष्ट होती. त्यांनी नुसतं भिंतीकडे बोट केलं. माझ्या खिळ्याचं टोक आरपार त्यांच्याकडे निघालं होतं. त्यावर त्यांनी चहाची गाळणी टांगली होती.
म्हटलं, मग तुमच्या ताईंना सांगितलं का नाही? म्हणाल्या, तिने विचारलं कुठे? थेट ठरवूनच मोकळी झाली. एका शब्दाने विचारलं असतं तर तुला कान धरून नेलं असतं तिच्यापुढे.
मग हळू आवाजात म्हणाल्या, आता मात्र तिला सांगू नकोस. जाण्याआधी एकदा भांडायला तरी येईल. मी ऐकून घेईन, दोघी रडू, संपेल. पण चूक आपलीच होती हे कळलं, तर ती या दारात पाऊल टाकायची नाही. लहानपणापासून अशीच आहे. मी शब्द दिला.

७ मार्च, सकाळ
शब्द दिला खरा. पण न सांगणं म्हणजे लपवणं, आणि मी लपवणाऱ्यातला माणूस नाही. शिवाय मी रात्र रात्र जागा आहे, याचाही कुणीतरी विचार करायला हवा.

दुपार
सांगितलं! सगळं, अगदी गाळणीसकट. थोरल्या मावशी ओरडल्या नाहीत. फक्त विचारलं, धाकटीला माहीत होतं? हो म्हटलं. हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, आता कोणत्या तोंडाने जाऊ मी तिच्याकडे. जा की, त्या वाटच बघतायत, असं म्हणायला हवं होतं. सुचलं तोवर त्या आत गेल्या होत्या.
मन एकदम हलकं. जेवून जे आडवा झालो ते संध्याकाळीच उठलो.

९ मार्च
टेम्पो आजच आला. धाकट्या मावशी सकाळपासून आपल्या दारात उभ्या होत्या. थोरल्या मावशी बाहेर आल्या, मान खाली घालून अंगण ओलांडलं आणि ड्रायव्हरशेजारी जाऊन बसल्या. शेजारच्या दाराकडे बघितलं नाही. त्यांना बघवलं नसावं. धाकट्या मावशींनी ताई म्हणून हाक मारली, तेवढ्यात टेम्पो सुरू झाला.
तो वळणाआड गेल्यावर त्यांनी मला विचारलं, सांगितलंस ना? मी म्हटलं, मावशी, मला झोप येत नव्हती हो.
त्या म्हणाल्या, आता येते का?
येते. पण एवढं एक मात्र मी त्यांना सांगितलं नाही.