तीनदा नको

३ मार्च, सोमवार. सकाळ.
काल घड्याळ देऊन टाकलं. साडूला. मोठं मन लागतं त्याला.

झालं असं. साडू आणि मेहुणी जेवायला आले होते. साडूने नव्या फ्लॅटचं पुराण लावलं. बाल्कनी केवढी, लिफ्ट किती, पार्किंग कसं कव्हर्ड. ऐकून कान किटले. मग त्याची नजर माझ्या मनगटावर गेली. म्हणाला, काय देखणं घड्याळ आहे हो दादा! आता फ्लॅटवाल्याला आपलं काहीतरी आवडलं म्हटल्यावर माणसाने काय करावं? मी काढलं आणि पुढे केलं. म्हटलं, घ्या, तुमच्याच हाताला शोभेल.

बोलायची एक रीत असते. समोरचा नको म्हणतो, आपण घ्या हो म्हणतो. असं तीनदा झालं की वस्तू आपल्याकडेच राहते आणि मोठेपणाही पदरात पडतो. साडू एकदाच नको म्हणाला. तेही घड्याळ बांधता बांधता.

पाहुणे गेल्यावर हिने एवढंच विचारलं, दिलंत? म्हटलं, दिलं. ही ताटं उचलायला लागली. बायकोचा सपोर्ट असावा तर असा.

४ मार्च, मंगळवार.
मनगट हलकं लागतंय. गोरा पट्टा पडलाय तिथे.

ऑटोमॅटिक होतं. चावी नाही, सेल नाही, हाताच्या हालचालीवर चालायचं. आमचं लग्न ठरलं तेव्हा हिने दोन वर्षं शिकवण्या करून साठवलेल्या पैशांतून घेतलं होतं. ते असो. मुद्दा असा की ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्या घड्याळाला वजन होतं. शिकाऊ माणूस चौकात गाडी बंद पाडून रडकुंडीला आला की मी सावकाश घड्याळाकडे बघायचो. त्याला वाटायचं, सरांना घाई नाही म्हणजे आपण मरत नाही.

लेसन चालू असताना मोबाईल काढायचा नाही, हा नियम माझाच. बोर्डही मीच लावला. त्यामुळे आज वेळ कळायला मार्ग नव्हता. शिकायला येणाऱ्या डॉक्टरांना निम्म्या लेसनमध्ये उतरवलं आणि हेडबाईंना (रिटायर्ड हेडमिस्ट्रेस, क्लचची भीती) शहरभर फिरवलं. दोघांनीही मालकांकडे तक्रार केली.

संकल्प: गप्प राहायचं. साडूला आपोआप लाज वाटेल आणि तो घड्याळ आणून देईल. चांगल्या घरचा आहे.

८ मार्च, शनिवार.
लाज वाटली नाही.

फोन केला. आडून आडून सुचवावं म्हणून विचारलं, किती वाजले हो? सज्जन माणूस असता तर तिथेच ओशाळला असता. याने मिनिटासकट वेळ सांगितली. वर म्हणाला, दादा, एक नंबर चालतंय तुमचं घड्याळ. ‘तुमचं’ म्हणतो! म्हणजे कळतं त्याला. कळून सवरून ठेवून घेतलंय. याच्या लग्नात मी उन्हातान्हात पाहुण्यांच्या गाड्या लावल्या होत्या. त्याचे हे पांग फेडले.

ही हल्ली कमी बोलते. ॲसिडिटी असणार.

११ मार्च, मंगळवार.
नवा प्लॅन, एकदम फुलप्रूफ. साडूच्या ऑफिसात जायचं. सांगायचं, या घड्याळाची नाडी माझ्या घड्याळजीलाच कळते, सर्व्हिसिंगला द्या. एकदा हातात आलं की घड्याळजी आजारी पडेल, मग त्याचं दुकान बंद होईल, मग सगळे विसरतील.

संध्याकाळ.
सर्व्हिसिंग त्याने आधीच करून घेतलंय. काच बदलली. स्टीलचा पट्टा काढून चामड्याचा घातला. म्हणाला, आता कसं जेंटलमन दिसतं! मी चहा अर्धा टाकून उठलो. स्टीलचा पट्टा कुठे आहे विचारलं, तर म्हणे ड्रॉवरमध्ये असेल कुठेतरी. कुठेतरी!

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. पोटतिडकीने सांगितलं. पाठीत सुरा कशाला म्हणतात ते आज कळलं, असंही म्हणालो. ही भाजी निवडत होती. म्हणाली, हं. माणसाच्या दुःखाला ‘हं’? पण तिचाही इलाज नाही, सख्ख्या बहिणीचा नवरा पडला.

१३ मार्च, गुरुवार.
आज जे झालं त्यात माझी चूक नाही.

हेडबाई गाडी चालवत होत्या. प्रथमच तिसऱ्या गिअरमध्ये. मी नेहमीप्रमाणे सांगत होतो, घाबरू नका, माझ्याही पायाखाली ब्रेक आहे. तेवढ्यात फळांच्या दुकानासमोर साडू दिसला. हात वर करून पपई पारखत होता आणि मनगटावर माझं घड्याळ लखलखत होतं. माझा पाय आपोआप पडला. गाडी जागच्या जागी थांबली, मागची रिक्षा आमच्या बंपरवर. हेडबाईंचा चष्मा डॅशबोर्डवर. साडू धावत आला आणि सगळ्यांना पाणी दिलं. आव असा, जणू त्याचा काही संबंधच नाही.

मालक म्हणाले, उद्यापासून तुम्ही ऑफिसात बसून थिअरी शिकवा.

१५ मार्च, शनिवार.
शेवटी डोकं चालवलं. मेहुणीला फोन करून थाप मारली. म्हटलं, तुझ्या ताईच्या मनाला फार लागलंय गं. तिने किती हौसेने दिलेलं घड्याळ! रोज डोळ्यांत पाणी असतं. बोलून दाखवत नाही, पण आतल्या आत झुरते.

मेहुणी म्हणाली, भाऊजी, तेव्हा दुकानात मीच गेले होते ताईबरोबर. तुम्ही तिला विचारूनच दिलंत असं आम्हाला वाटलं.

काय बेमालूम थाप! मलाही क्षणभर खरी वाटली.

१६ मार्च, रविवार. सकाळ.
साडू आणि मेहुणी संध्याकाळी येतायत. घड्याळ घेऊन. विजय! पण लगेच हात पुढे करायचा नाही. हावरेपणा दिसतो. मी तीनदा नको म्हणणार. साडूलाही कळू दे, रीत कशाला म्हणतात.

संध्याकाळ.
साडू आला. खाली मान. पट्टाही स्टीलचाच परत बसवून आणला होता. म्हणाला, दादा, चुकलं माझं, हे घ्या. मी म्हटलं, छे छे, नको. तो म्हणाला, प्लीज घ्या. मी म्हटलं, नको हो, दिलेली वस्तू आमच्या घराण्यात परत घेत नाहीत. इथे त्याने तिसऱ्यांदा आग्रह करायचा होता.

हिने मध्येच हात पुढे केला. म्हणाली, मग माझ्याकडे द्या.

साडूने दिलं. हिने तिथल्या तिथे स्वतःच्या हातात घातलं. सैल होतं, तरी घातलं. मेहुणीने तिच्या पाठीवर हात ठेवला. मी हसलो. कोणीच हसलं नाही.

म्हणजे बायकोही फितूर. घरात शत्रू असल्यावर बाहेरच्याला काय बोलायचं.

१७ मार्च, सोमवार.
सकाळी हिला विचारलं, माझं घड्याळ कधी देतेस? म्हणाली, तुमचं तुम्ही देऊन टाकलंत. हे माझं आहे.

चांगलाच वैतागलो. म्हटलं, सगळ्यांनी मिळून मला फसवलंत. साडूने, तुझ्या बहिणीने, आता तू. ती पर्स घेऊन निघालीच होती. दारात थांबली. म्हणाली, त्या दिवशी हातातून काढलंत तेव्हा एकदा तरी माझ्याकडे बघितलंत का हो? मी तिथेच होते.

मी म्हटलं, बघितलं की. ती गेली.

दिवसभर थिअरी शिकवताना आठवून बघत होतो. साडूचा चेहरा आठवतो. त्याची बाल्कनी किती फुटांची तेही आठवतं. ही कुठे बसली होती, ते काही केल्या आठवत नाही.