भरलेला ग्लास

बुधवार, चौदा तारीख

चि. ढब्बूस,

अनेक आशीर्वाद. काल दुपारी सुखरूप पोचलो. तुझ्या आईचा गुडघा आहे तस्साच आहे आणि तोंडही. पत्र ऑफिसच्या पत्त्यावर टाकतोय म्हणून घाबरू नकोस, कारण पुढे येईलच.

तीन दिवस शहर दाखवलंत त्याबद्दल आभार मानायला हवेत. मानले. आता भांडतो.

एकतीस वर्षं मी हॉटेलात वेटर होतो, हे तुझा नवरा विसरला असेल, मी नाही. पहिल्या ठिकाणी टेबल डुगडुगत होतं. दुसऱ्या ठिकाणी माझा घास तोंडात असताना ताटली उचलली. आणि नदीकाठच्या त्या नावाजलेल्या हॉटेलातलं सूप? त्यात अंघोळ करावी इतकं कोमट. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

तिथला वेटर मात्र कसलेला. माझ्याच वयाचा. त्याला तुझ्या नवऱ्याने चुटकी वाजवून बोलावलं. माझ्यासमोर! वर, "ओ, बहिरे झालात का?" तो बिचारा हसून म्हणाला, "चुकलं साहेब." तसलं हसू मी एकतीस वर्षं रोज चेहऱ्यावर चढवलंय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात तू माझ्याकडे बघून मान जराशी हलवलीस आणि मी सासऱ्यासारखा गप्प बसलो. तो राग अजून उतरलेला नाही.

घरात पाऊल टाकताच आईने विचारलं, "पोरगी काय काय जेवली?" म्हटलं, "मासा, भात, वर दोन आइस्क्रीम." साफ थाप. तू काय जेवलीस ते मला पाठ आहे. पहिल्या दिवशी तू मासा मागितलास तर तुझा नवरा वेटरला म्हणाला, "हिला सूप पुरे, हल्ली सुटलीय." सुटलीय! जिचं नाव आम्ही ढब्बू ठेवलं, तिचं घड्याळ आता कोपराकडे सरकतंय. त्यानंतर तू मेनू उघडलाच नाहीस. आधी त्याचं तोंड बघायचं, मग "मला काहीही चालेल." माझ्या ताटातला मासा डोळ्यांदेखत पळवणारी पोर ही!

पण मला लिहायचंय ते हेही नाही. मघापासून मी नुसता टेबल पुसतोय.

तू पाणी मागत होतीस.

नदीकाठी मी तीनदा उठलो. एकदा हात धुवायला, एकदा आईला फोन करायला, आणि तिसऱ्यांदा मुद्दाम. तिन्ही वेळा माझी पाठ वळली की तुझा आवाज यायचा, "काका, जरा पाणी आणता?" ग्लास काठोकाठ भरलेला. तो वेटर येऊन थेंबभर ओतायचा. तो उभा असेपर्यंत तुझा नवरा गोड बोलायचा. तिसऱ्यांदा मी खांबामागून बघत होतो. वेटर गेला आणि टेबलाखाली तुझ्या नवऱ्याने तुझं मनगट पकडलं. तुझा चेहरा मी पाहिला. वेटर माझ्याजवळ आला. "मुलगी तुमची?" मी मान हलवली. तो हळूच म्हणाला, "फार तहान लागते हो तिला."

आम्हाला दोघांनाही कळलं होतं.

आमच्या हॉटेलात खिडकीजवळच्या टेबलावर दर रविवारी एक बाई नवऱ्याबरोबर यायची. तीही भरल्या ग्लासावर पाणी मागायची. आम्ही सगळे वेटर ओळखून होतो. मी ओतायचो आणि निघून जायचो. गिऱ्हाइकाच्या घरच्या भानगडीत पडायचं नाही, असा नियम. एका रविवारी ती आली नाही, मग कधीच आली नाही. मी चौकशीसुद्धा केली नाही. हे मी तुझ्या आईलाही सांगितलं नव्हतं.

आणि परवा पोटच्या पोरीला तसंच सोडून, जावयाला "छान झाली सहल" म्हणून, मी गाडीत बसलो. त्याला फाडून खावंसं वाटतं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते. आणि थोडा तुझ्यावरही चिडलोय. परक्या माणसाकडे पाणी मागितलंस, बापाकडे नाही.

आज सकाळी आईला सगळं सांगितलं. ती रडली नाही. तुझा फोन आला की तो स्पीकरवर असतो, हे ती वर्षभर सांगत होती आणि मी तिला वेड्यात काढत होतो. आता दुखरा गुडघा घेऊन तुझी खोली झाडतेय.

सोमवारी सकाळी अकराला मी तुझ्या ऑफिसच्या दाराशी उभा असेन. पत्र फाडून टाक. मला काही समजावून सांगू नकोस, त्याची बाजू तर मुळीच नको. समोरच्या खानावळीत बसू. तू मासा मागव. जेवून झाल्यावर कुठे जायचं ते तू ठरव, तुला हवा तेवढा वेळ घे. या वेळी मी टेबलावरून उठणार नाही.

तुझा,
बाबा