उजव्या हाताचा तक्ता

२ मार्च, सोमवार
डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर तरीही पुष्कळांच्या उजव्यापेक्षा बरं. डॉक्टर म्हणतात झटका हलका होता, फक्त उजवा हात रुसलाय. म्हणून थेरपी सेंटर, सोमवार-गुरुवार. हॉलमध्ये एक लाकडी जिना आहे, तीन पायऱ्या वर आणि तीन खाली. गुडघे बदललेल्या बायका दिवसभर त्यावरून कुठेही न पोचता चालतात. थेरपिस्ट बाई माझ्या मुलीहून लहान. मला कपडे वाळत घालायचे चिमटे दिले आणि डब्याच्या काठाला लावा म्हणाल्या. मला! पस्तीस वर्षं इन्स्पेक्टर होतो, मी आलो की कारखान्यांचे मॅनेजर खुर्चीतून उठायचे. चार लावले. पाचवा घसरला. चिमटा निकृष्ट.

५ मार्च, गुरुवार
घरच्या व्यायामाचा तक्ता मिळाला. चार आठवड्यांची चार पानं, दिवसातून तीन वेळा व्यायाम, तीन टिका. दर गुरुवारी एक पान दाखवायचं. मुलीची अट: चार आठवड्यांनी शर्टाची बटणं आणि दाराचं कुलूप उजव्या हाताने जमलं, तर मी पुढेही माझ्या घरी एकटा राहायचं. नाहीतर कायमचं तिच्याकडे. तिथे जावई पहाटे पाचला घसा साफ करतो, अर्धा तास. म्हटलं, बटणं म्हणजे माझ्या हातचा मळ. उद्यापासून सहाला उठून व्यायाम.

६ मार्च, सकाळी ९.१५
आत्ता जाग आली. उद्यापासून.

९ मार्च
शेजारच्या टेबलावर सहा वर्षांची मुलगी, एक हात जन्मापासून अधू. जीभ बाहेर काढून चिमटे लावते. विचारते, आजोबा, तुमचे किती झाले? म्हटलं, मी मोजत नाही. तिचे सहा झाले म्हणे. भोचक कार्टी.

११ मार्च
उद्या पान दाखवायचं आणि पान कोरं. जन्मभर लोकांच्या हजेरीपटातल्या खोट्या नोंदी पकडल्या. गाढव एकाच पेनाने सलग भरतात आणि सापडतात. मी तीन पेनं वापरली, टिका लहानमोठ्या केल्या, विश्वास बसावा म्हणून दोन रविवारी एकेक रकाना कोरा सोडला. चारही पानं एका बैठकीत उरकली. रोज रोज कटकट नको.

१२ मार्च
बाई खूश. माझ्या मुलीने चष्मा काढून डोळे पुसले. जरा वाईट वाटलं. पण तिचा आनंद तर खोटा नव्हता.

१९ मार्च
चिमटे चार. हवा दमट. कार्टीचे नऊ.

२३ मार्च
घरी एकदा बटण लावून पाहिलं. शिंप्यांनी काजं लहान करायला सुरुवात केलेली दिसते.

२६ मार्च
चिमटे चार. बाई तक्ता पाहतात, हात पाहतात, पुन्हा तक्ता पाहतात. म्हणाल्या, एवढं करून फरक कसा नाही? म्हटलं, तुमच्या पद्धतीतच खोट असेल. बिचारीचा चेहरा उतरला.

२ एप्रिल, गुरुवार
एक बटण, बारा मिनिटं. किल्ली दोनदा पडली. बाईंनी चारही पानं टेबलावर ओळीने मांडली आणि मुलीला सांगितलं, इतका नियमित पेशंट आम्ही पाहिला नाही. इतकं करूनही हात जागचा हलत नाही, म्हणजे आता फार आशा धरू नका. इथे येणं थांबवलं तरी चालेल. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात मुलगी म्हणाली, बाबांनी कधी एक खोटी नोंद खपवून घेतली नाही हो. तोंड मिटलं.
निघताना कार्टी आली आणि माझी उरलेली बटणं लावून गेली. दोन्ही हातांनी.

५ एप्रिल, रविवार, पहाटे ५.१०
मुलीच्या घरी. माझ्या घराची किल्ली तिच्या पर्समध्ये. जावयाचा घसा सुरू झाला, म्हणून उठलो. बाल्कनीतले चिमटे आणले, बादलीच्या काठाला लावले. पाच. पाचवा पहिल्यांदाच टिकला. टिक करायला तक्ता काढला, तर चारही पानं भरलेली. त्या सोडलेल्या दोन रकान्यांतल्या एकात उजव्या हाताने टिक केली. थरथरती, रकान्याबाहेर गेलेली.
असली टिक मी कुणाच्याही रजिस्टरात खरी धरली नसती.