जेवली म्हणून लिही

सोम., ७ मे २००७

डॉक्टरीणबाईंनी वही ठेवायला सांगितली. घरात जेवणावरून रोज काय होतं ते लिहायचं, आणि ते प्राचीने नाही, घरातल्या दुसऱ्या कोणीतरी. दुसरं कोण? सुलभा, म्हणजे सून, सकाळीच स्टीलच्या गाळ्यात भांडी पॅक करायला जाते. मुलगा, विलास, काशीमीऱ्याला गोडाऊनवर. उरले मी. मला अक्षर म्हणजे ओळीने चाललेल्या मुंग्या. तेव्हा सांगणार मी आणि लिहिणार प्राचीच. जिच्यावर पहारा तीच पहारेकरीण. हसू नको गो, लिही.

नात एकोणीस वर्षांची. मे महिन्यात स्वेटर घालून बसलीये.

आज माझा सोमवार, तिचाही. साबुदाण्याची खिचडी चार चमचे खाल्ली.

(दोन. बाकीची परत पातेल्यात टाकली. आजीला वाचता येत नाही म्हणून इथे खरं लिहितेय. प्रा.)

गुरु., १० मे

डॉ. बाईंचं बोलणं: हा हट्ट नाही, आजार आहे. 'खा, खा' म्हणून मागे लागायचं नाही. तिच्या अंगाबद्दल बोलायचं नाही, चांगलंही नाही न् वाईटही नाही. मी म्हटलं, मग बाई, मी बोलू काय? माझा जन्म याच दोन विषयांवर गेला.

प्राचीने आज घावणे केले, नारळाचा रस केला. समोर बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. "आजी, अजून एक घे ना." या घरात वजन वाढतंय ते एकटीचं, माझं. "आणि तू गो?" "करता करता खाल्लं."

लिही, एक घावण खाल्लं.

(खोटं. प्रा.)

शुक्र., १८ मे

अधिक महिना लागला. आमच्या बाईसाहेब महिनाभर एकवेळच जेवणार म्हणतात.

उपास कधीपासून लागले ते आज बोटांवर आठवत बसले. आधी माझ्या सोबतीला सोमवार. मग गुरुवार. मग शनिवार, चतुर्थी, एकादशी. गेल्या नवरात्रात नऊ दिवस नुसतं पाणी, शेवटचा दिवस तर तेही नाही. आणि मी काय केलं? बिल्डिंगभर मिरवलं. खालच्या गुजराती बेनलासुद्धा, "हमारी प्राची पानी भी नहीं पीती." अख्ख्या गोडदेव गावात अशी नात दाखवा म्हणाले. पोरगी वाळत होती आणि मी तिचं पुण्य सांगत फिरत होते.

हे नको लिहायला म्हणते. लिही.

सोम., २१ मे

दुपारी केस विंचरून दिले. फणीत झुबका आला. पूर्वी हिची वेणी माझ्या मनगटाएवढी जाड. आता हिचं मनगट तेव्हाच्या वेणीएवढं.

हिला भोपळा म्हणणारी मीच. लहानपणी गाल असे होते की बस. पुढे मोठी झाली तरी माझी जीभ काही मोठी झाली नाही. चुलत बहिणीच्या हळदीला, भर मांडवात, "आमचा भोपळा उचलायला नवरा पैलवान बघावा लागेल हो." सगळे हसले. तीही हसली. ती हसली म्हणून मला वाटलं की...

आज विचारलं, तेव्हापासून का गो? म्हणाली, "एका गोष्टीने नसतं होत आजी." डॉ. बाईंची शिकवणी. पण बोलताना मान तिकडे.

जेवण: अर्धी भाकरी, वरण.

(भाकरी पेपरात गुंडाळून खिडकीतून टाकली. हळद आठवते. प्रा.)

सोम., २८ मे

आज सोमवार मोडला. विलास तीन वर्षांचा असताना तापाने डोळे फिरवले होते, तेव्हा धरला होता. आता त्याच्या डोक्यावर केस नाहीत, इतकी वर्षं.

प्राचीला म्हटलं, मी मोडते, तू माझ्याबरोबर जेव. तिला वाटलं थट्टा. तेवढ्यात उत्तनची मासळीवाली मावशी पाटी घेऊन दारात. "आजी, सोमवार हाय ना गो आज तुजा? इसरलीस काय?" म्हटलं, विसरले नाही, दे बोंबील. दोनदा विचारून मग दिले बिचारीने.

सुके बोंबील, बटाटा घालून कालवण. प्राचीने केलं, हाताला चव आहे मेलीच्या. पहिला घास मी घेतला. घशाखाली उतरेना. ती बघत होती. उतरवला. मग तिने घेतला. मग दुसरा. ताटातलं सगळं संपवलं. माझा हुंदका शेजारी कोणी ऐकेल म्हणून तोंडात पदर धरला.

मग हात धुवायला गेली. जरा वेळ लागला.

लिही, प्राची पोटभर जेवली.

"आजी, असंच लिहू?"

असंच लिही.

(ओकून काढलं सगळं. तुझा सोमवार फुकट गेला. प्रा.)

मंगळ., ५ जून

आज अक्षर वेगळं. सुलभा लिहितेय, सांगतेय मीच.

सकाळी पाणी आलं तेव्हा प्राची कळशीसकट जिन्यात पडली. वरच्या मुलाने उचलून रिक्षात घातली. म्हणे, वजनच लागलं नाही. पैलवान नाही लागला.

हॉस्पिटलात सलाईन. रक्तातला कसला क्षार कमी झालाय, त्याने हृदयाचे ठोके चुकतात. वजनाचा आकडा सुलभाने सांगितला. आकडा मला कळला नाही, तिचं तोंड बघून कळलं.

गुरु., ७ जून

काल सुलभा मागची पानं चाळत होती. चाळता चाळता थांबली. "आई, तुम्ही सांगितलेल्याच्या खाली प्राचीने बारीक अक्षरात काय काय लिहिलंय."

म्हटलं, वाच.

वाचलं. घावणाचं, भाकरीचं. सोमवारच्या पानावर तिला पुढे वाचवेना. तरी वाच म्हटलं.

महिनाभर पोरगी मला रोज खरं सांगत होती. मला वाचता येणार नाही अशा जागी. आणि मी वरून विचारायचे, लिहिलंस ना नीट?

तर आता माझंही खाली लिही, सुलभा, बारीक अक्षरात. बोंबलाच्या दिवशी बाथरूममधलं पिंप मी बघितलं होतं. नळ दुपारी नसतो. सकाळी काठोकाठ भरलेलं, ती बाहेर आली तेव्हा वीतभर खाली. हात धुवायला वीतभर पाणी लागत नाही. तरी तिच्याच हाताने पोटभर जेवली म्हणून लिहून घेतलं.

सुलभा म्हणाली, "मला स्वेटर दिसत नव्हता का, आई?"



सोम., ११ जून

उपास धरला नाही. देवाचं नि माझं बोलणं बंद आहे. त्याने आधी बोलावं.

मोठ्या डॉक्टरांना विचारलं, बरी होईल का? ते म्हणाले, वर्षं लागतात, बरं होऊनही परत उलटतं, आता काही सांगता येत नाही, बघू. बघू म्हणे. विलास खेळण्याच्या दुकानापुढे अडून बसला की मी त्याला हेच म्हणायचे. मला माहीत आहे त्याचा अर्थ.

घरून पेज नेली होती. प्राची म्हणाली, "तू बघू नको, बाहेर थांब." थांबले पडद्याबाहेर. आत आले तर वाटी रिकामी. पलंगाखाली बघावंसं वाटलं. वाकले नाही. गुडघ्यांचं निमित्त होतंच.

वही पुढे केली. म्हटलं, लिही, प्राची वाटीभर पेज जेवली. माझ्याकडे बघत राहिली. लिहिलं. मग खाली आणखी काहीतरी लिहिलं. वही आपल्याकडे कलती धरली होती, त्यामुळे लांब की थोडं ते कळलं नाही. मी विचारलं नाही. वही मिटून तिने माझ्या मांडीवर ठेवली.

ते पान दुमडून वर पदराची पिन लावलीये. सुलभाला सांगितलं, हे पुढच्या पानावर लिही, मागे उलटू नको. पेन धरून बसलीये, विचारतेय, "आई, मग वाचू कधी?"

उद्या. उद्या सकाळी, पाणी भरून झालं की.