चौदा डबे आणि एक पाठकोरा कागद

प्रिय साडूभाऊ,

साष्टांग नमस्कार. अक्कांचा प्लास्टरमधला पाय कसा आहे? त्यांना घाईने चालायला लावू नका असं मी मागच्या पत्रात लिहिलं होतं, ते वाक्य तूर्त बाजूला ठेवा. आमचे बाबा बरे आहेत. मीही आहे. (नुसता आहे.)

तुमच्या मेहुणीला तुमच्याकडे पाठवताना मी काय अक्कल पाजळली ते कानावर आलंच असेल. म्हटलं, स्वयंपाकाचं काय एवढं घेऊन बसलीस, हल्ली सगळं पाकिटात मिळतं, वर गरम पाणी ओतलं की झालं, तू खुशाल राहा. जिभेला हाड नसतं, साडूभाऊ! ही तशीच बॅग उचलून तरातरा निघाली, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. तिथे अगदी मागे निम्म्या किमतीची एक फळी आहे. चेमटलेले डबे, मुदत संपत आलेली पाकिटं, आणि नव्याने आलेला पण कुणी हात न लावलेला माल. (कुणी हात का लावला नाही, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.) चौदा जिन्नस घेतले (त्यात साबणाचा चुराही होता) आणि शेर होऊन घरी आलो. पहिलं पाकीट फोडलं आणि अहो, मी हादरलोच! वर चित्र काय, तर वाफाळता वाडगा, त्यात गाजर, मटार, मक्याचे दाणे. आत काय, तर पिवळी भुकटी आणि एक मटार. एक! तोही सुकलेला. 'चार जणांसाठी' असं छापलंय. कुठले चार जण? बाबांनी भिंग घेऊन मागची बारीक अक्षरं वाचली. 'चित्र केवळ सजावटीसाठी.' मी म्हणतो, ही काय रीत झाली? उद्या मी कारखान्यातून नटबोल्टऐवजी नटबोल्टचं चित्र दिलं तर चालेल का?

तरी इथवर सगळं निभावलं असतं. पण माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. बावीस वर्षं स्टोअरकीपर आहे, माल खोक्यात पडून राहिलेला मला बघवत नाही. सगळी पाकिटं हिच्या रिकाम्या डब्यांत ओतली, डब्यांना एक ते चौदा नंबर दिले, कशात काय आहे त्याची यादी केली आणि पाकिटं फेकून दिली. घर कसं कारखान्यासारखं दिसायला लागलं.

तीन दिवसांनी यादी गायब! घर पालथं घातलं. मग अंदाजाने चार नंबर काढला, सूप म्हणून उकळला, मीठ-मिरी सढळ हाताने घातली. ते पुडिंग होतं, व्हॅनिलाचं. बाबांनी तीन चमचे खाल्ले, चमचा खाली ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई कधी येणार?" वीस वर्षांत या माणसाने तिच्या जेवणाला बरं म्हटलेलं मी ऐकलं नाही. आता हाच प्रश्न रोज दोन वेळा. नऊ नंबरमध्ये पांढरा चुरा होता, तो कपड्यांचा साबण समजून बादलीत टाकला आणि बाबांचे सदरे भिजवले. पाच मिनिटांत बादली घट्ट! तो झटपट बटाट्याचा चुरा निघाला. सदरे वाळले ते असे कडक, की एक खुर्चीला टेकून आपला आपण उभा राहिला. बाबा म्हणाले, "इस्त्री बरी झालीय." मला हसावं की रडावं कळेना.

यादी कुठे गेली ते काल उमगलं. कागद वाया जाऊ नये म्हणून मी हिला पत्र पाठकोऱ्या कागदावर लिहिलं होतं. 'इकडे सगळं झकास चाललंय, बाबा खूश, काळजी नसावी.' आणि त्याच्या पाठीमागे यादी!

आणि काल तिचं उत्तर आलं. 'तुमचं इतकं झकास चाललंय तर अक्काजवळ आणखी दोन महिने राहते.' दोन महिने! साडूभाऊ, घर खायला उठतंय हो. पण आता 'ये' म्हणायचं कुठल्या तोंडानं?

आपला,
धाकटा साडू

ता. क. १ : ते पत्र हिच्या बॅगेत असेल. गुपचूप काढून मागची यादी उतरवून पाठवा. हिला कळता कामा नये.

ता. क. २ : यादी राहू द्या. अक्कांना रोज थोडं थोडं चालवता येतं का, ते डॉक्टरांना विचारा.

ता. क. ३ : पाकीट चिकटवणार तोच हिचं कार्ड आलं. अख्खी यादी उतरवून पाठवलीय, चार नंबरपुढे 'मीठ घालू नये' असं. खाली लिहिलंय, 'दोन महिने म्हटल्यावर तरी ये म्हणाल असं वाटलं होतं. चौदा डबे लिहिलेत, तेवढं एक लिहायला कागद पुरला नाही? अक्काला अजून पंधरा दिवस उठता यायचं नाही. तुम्हीच बाबांना घेऊन या.'

ता. क. ४ : रविवारी सकाळी पोचतो. बाबा आत्ताच कडक सदरा घालून दारात बसलेत. हे पत्र आमच्या आधी पोचलं तर हिला दाखवा. कागद दोन्ही बाजूंनी बघितलाय, पाठ कोरी आहे. तिथे मोठ्या अक्षरात 'ये' लिहिणार होतो, पण आता आम्हीच येतोय.