माझं निर्दोष ड्रायव्हिंग आणि विम्याचा हप्ता

३ मार्च
गाडीच्या विम्याचं रिन्यूअल आलं. हप्ता दीडपट. कारण म्हणे माझं ड्रायव्हिंग रेकॉर्ड. दोनदा स्पीडिंग, एकदा सिग्नल तोडला. तिन्ही वेळा चूक कॅमेऱ्याची. बायको शांतपणे म्हणाली, यंदा हप्ता उतरला नाही तर गाडी ती चालवणार, किल्ली तिच्या पर्समध्ये. ती शांतपणे बोलली की मला धडकी भरते.

४ मार्च
विमा एजंटने तोडगा काढला. मोबाइलमध्ये कंपनीचं ॲप घ्यायचं. ते महिनाभर आपलं ड्रायव्हिंग बघतं आणि मार्क देतं. ऐंशीच्या वर गेलो की हप्ता कमी. म्हणजे डाव्या हातचा मळ. बायकोला सांगितलं, किल्ली विसर.

५ मार्च, ऑफिसच्या पार्किंगमध्ये
एक्केचाळीस. ॲप नवीन आहे. शिकेल हळूहळू.

९ मार्च
ॲपचा सगळा राग ब्रेकवर. जोरात दाबला की टुंग वाजतं आणि मार्क जातात. आज नऊ वेळा टुंग. तोंडचं पाणी पळालं. ठराव: ब्रेक अलगद दाबायचा. शक्यतो दाबायचाच नाही.

१४ मार्च
त्रेसष्ट! मागचे लोक हॉर्न वाजवत होते. जळतात.

१९ मार्च
अठ्ठ्याहत्तर. जीव टांगणीला. जेवतानाही टेबलाखाली उजव्या पायाचा सराव चालू असतो. बायको बघते. कौतुक असावं.

२१ मार्च, संध्याकाळी
मुलीला पोहण्याच्या क्लासहून आणत होतो. बिल्डिंगच्या गेटचा दांडा खाली येताना दिसला. ब्रेक दाबायला वेळ होता. मनात मार्क आले. दांडा बॉनेटवर. मुलीला बेल्ट होता म्हणून निभावलं, पण ओठ दाताखाली येऊन फुटला. रक्त थोडंच. वॉचमनला सांगितलं, दांडा दिसलाच नाही. मुलीने वर जाऊन आईला सांगितलं की बाबांना दिसला होता, ते 'ब्रेक नको, ब्रेक नको' म्हणत होते.

२२ मार्च
बॉनेटसाठी क्लेम केला. म्हणजे रेकॉर्डवर आणखी एक नोंद. खरं तर ती दांड्याच्या नावावर पडायला हवी. बायको बोलत नाही. मुलगी बोलते, पण जपून.

३१ मार्च
एजंटने फोन बायकोला केला, मला नाही. ड्रायव्हर म्हणून माझं नाव ठेवलं तर हप्ता दुप्पट. माझं काढून फक्त तिचं ठेवलं तर गेल्या वर्षीपेक्षाही कमी. तिच्या रेकॉर्डवर एकही नोंद नाही. अनुभव कमी, दुसरं काय. माझं नाव काढण्याच्या कागदावर सही केली. ती कागद माझ्याकडे फिरवून समोर धरून उभीच होती.

२ एप्रिल
तिघं बाहेर गेलो. ती स्टिअरिंगवर, मी शेजारी. तिचं ड्रायव्हिंग फारच कंटाळवाणं. मुलगी पाच मिनिटांत मागे झोपून गेली, तोंड उघडं टाकून. मी चालवायचो तेव्हा ती कधी झोपली नाही. घर येईपर्यंत दोन्ही हातांनी दाराचं हँडल धरून टक्क जागी असायची. माझं ड्रायव्हिंग बघण्यात तिला रस होता.